बिघाड एकात, मग रिपोर्टमधून चौघं गायब कसे?

प्रश्न : बहिणीचं बाळ दीड महिन्याचं आहे. नाळ २६व्या दिवशी पडली, बेंबी लालभडक पण पू अजिबात नाही, आणि रक्तात पांढऱ्या पेशी ६० हजार. आता रिपोर्ट आलाय, सीडी१८ एक टक्का आणि सीडी११ ए, बी, सी पण जवळजवळ शून्य. जीन टेस्टमध्ये मात्र बिघाड एकट्या सीडी१८मध्येच निघाला. मग बाकीचे तिघं कुठे गेले?
– एक मावशी, सोलापूर

उत्तर : ताई, अगदी नेमकं विचारलंत. ते तिघं बाळाच्या पेशीत बनतायत, त्यांचे जीन्स चांगले आहेत, फक्त त्यांना बाहेर येता येत नाहीये. हे रिसेप्टर, म्हणजे पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरची पकड घेणारी प्रथिनं, दोन साखळ्यांचे असतात, एक सीडी११ आणि एक सीडी१८, आणि फुगडी काही एकटीला घालता येत नाही. पेशीच्या आत एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाचं जाळं असतं, तिथेच सीडी११ला सीडी१८चा हात धरावा लागतो, जोडी जमली की पुढे गॉल्जी नावाच्या पेशीतल्याच दुसऱ्या भागात त्यावरच्या साखरेच्या साखळ्या पक्क्या होतात आणि मग ती पृष्ठभागावर येते. जोडीदारच नसेल तर पेशी त्याला आतच अडवते आणि शेवटी मोडून टाकते. तिघांचा जोडीदार एकच, म्हणून एक बिघडला की चौघं गायब. त्यात फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे ज्या तपासणीचा हा रिपोर्ट आहे तिच्यात, रंगीत अँटिबॉडी पेशीला बाहेरून चिकटवतात, आत अडकलेलं तिला दिसत नाही.

याच जोड्यांनी पांढरी पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट धरते आणि जखमेत उतरते. पकडच नाही म्हटल्यावर पेशी रक्तातच फिरत राहतात, आकडा ६० हजारांवर जातो आणि बेंबीत मात्र कोणी पोचत नाही. नाळ गळायलाही याच पेशी लागतात. पू नाही म्हणून घरच्यांना बरं वाटतं, मला या आजारात सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

आजाराचं नाव लॅड-१, म्हणजे ल्युकोसाइट अ‍ॅडहिजन डेफिशियन्सी, पांढऱ्या पेशींना पकड नसण्याचा आजार. दोन टक्क्यांच्या खाली सीडी१८ म्हणजे गंभीर प्रकार, त्यावर बोन मॅरो ट्रान्सप्लांट हाच पक्का उपाय, त्यामुळे वेळ घालवू नका. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची एनआयआयएच (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी) संस्था आहे, अशा आजारांच्या तपासण्या तिथे होतात, डॉक्टरांना विचारून घ्या. आईबाबा दोघंही वाहक असतील तर पुढच्या प्रत्येक बाळाला चारात एक धोका राहतो, मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. मोठं भावंड असेल तर एचएलए मॅचिंग, म्हणजे त्याचा बोन मॅरो बाळाला जुळतो का ती तपासणी, लगेच करा, पण त्याआधी त्याचाही सीडी१८ बघून घ्या.