व्हिएन्नाच्या आधी फाटकावरचा मॉनिटर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. आरएसओ (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी) म्हणून पहिलीच नेमणूक, तीही पोलादाच्या कारखान्यात, आणि दिवसभर फाटकावरच्या मॉनिटरने भंगाराच्या ट्रकांतला किरणोत्सर्ग मोजायचा. 'सर, मला व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत जायचं होतं आणि मी इथे फाटकावर उभी आहे,' हे वाक्य वाचून हसू आलं. तुझी चिडचिड मात्र खोटी नाही, म्हणून लिहायला बसलो.

2008 च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 हे किरणोत्सर्गी द्रव्य सापडलं. ती बटणं जोडणाऱ्या कारखान्यातल्या वीसेक कामगारांना 1 ते 3 मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या डोसचं एकक) डोस मिळाला होता. सामान्य माणसाची वर्षाची मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट आहे. पोलाद भारतातून गेलेलं. माग काढत गेल्यावर तो आला आपल्या महाराष्ट्रातल्याच एका फाउंड्रीपाशी. भंगारातून भट्टीत शिरलेलं कोबाल्ट पोलादात एकजीव होतं, मग ते कोणी वेगळं काढू शकत नाही. जिथे ते अडवता येतं ती जागा एकच, तू जिथे उभी आहेस ती.

सीझियम या दुसऱ्या किरणोत्सर्गी द्रव्याची तऱ्हा वेगळी, भट्टीत ते धुरातल्या धुळीबरोबर निघून जातं. 1998 च्या मे महिन्यात दक्षिण स्पेनमधल्या एका पोलाद कारखान्यात सीझियम-137 चा सोर्स (किरणोत्सर्गी द्रव्याची सीलबंद डबी) भंगारासोबत वितळला. कारखान्याला पत्ताही नव्हता. जूनमध्ये फ्रान्स आणि इटलीच्या हवेच्या नमुन्यांत सीझियम दिसू लागलं, तेव्हा शोध सुरू झाला. घरातली गोष्ट शेजाऱ्याकडून कळावी तसं. 1986 मध्येही हेच घडलं होतं: चेर्नोबिलचा स्फोट 26 एप्रिलचा, पण जगाला सुगावा लागला तो 28 तारखेला, स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर सापडलेल्या किरणोत्सर्गावरून. बिचारे स्वीडिश आधी आपल्याच अणुभट्टीत गळती शोधत बसले. मॉस्कोने तोंड उघडलं ते त्या दिवशी संध्याकाळी. त्याच वर्षी 26 सप्टेंबरला व्हिएन्नात दोन करार मंजूर झाले, एक अपघाताची तातडीने खबर देण्याचा आणि दुसरा मदतीचा. कलमं पुष्कळ आहेत, सवडीने वाच. पहिल्याचा मथितार्थ एवढाच, की शेजाऱ्याला त्याच्या मीटरवरून कळायच्या आधी आपण सांगायचं.

आता फाटकाकडे येतो. ट्रक मॉनिटरच्या खांबांमध्ये शिरला की पार्श्वभूमीचा, म्हणजे आसपास नेहमीच असणाऱ्या किरणोत्सर्गाचा, आकडा उतरतो, कारण एवढं लोखंड जमिनीतून येणारे किरण अडवतं. नवखा माणूस उतरलेला आकडा बघून निर्धास्त होतो. तू होऊ नकोस. जेवढा उतरायला हवा तेवढा उतरला का, हे बघायला शीक; कमी उतरला तर आत काहीतरी असू शकतं. ट्रक पायी चालण्याच्या वेगाने न्यायला लाव, ड्रायव्हर कितीही कुरकुरला तरी. अलार्म वाजला की भट्टीच्या विटा, खताची पोती, यांचाही विचार कर, त्यांत थोडा नैसर्गिक किरणोत्सर्ग असतो. आणि ड्रायव्हरचाही! नुकतीच थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन घेतलेली माणसं मॉनिटर हमखास वाजवतात. त्याला चारचौघांत विचारू नकोस, बाजूला घे.

अलार्म खरा निघाला तर ट्रक परत पाठवायचा नाही. तुला परत पाठवायलाच सांगतील, कारण प्रत्येकाला ती ब्याद आपल्या दारातून जायला हवी असते. ट्रक बाजूला उभा कर, दोरी बांधून माणसं लांब ठेव, रीडिंग लिही आणि एईआरबीला (अणुऊर्जा नियामक मंडळाला) कळव. रीडिंगपुढे एकक लिहायला विसरू नकोस. जुन्या मीटरवर मिलिरेम असतो, नव्यावर मायक्रोसिव्हर्ट. 1 मिलिरेम म्हणजे 10 मायक्रोसिव्हर्ट. फोनवर नुसतं 'पाच आलं' म्हणालीस तर पलीकडच्याने काय समजायचं?

हे मी कुठल्या तोंडाने सांगतो, तेही ऐक. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एका कारखान्यात असाच अलार्म वाजला होता. वरिष्ठ म्हणाले, परत पाठव. मी पाठवला. ट्रकचा नंबरसुद्धा टिपला नाही, कारण टिपला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं. तो माल पुढे कुठल्या भट्टीत गेला, मला आजही माहीत नाही. लिफ्टच्या बटणांची बातमी वाचली त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. तो ट्रक फार जुना, त्या बटणांशी त्याचा संबंध नसणार, हे कळत होतं. तरीही.

व्हिएन्नाला अर्ज जरूर कर. तिथल्या टेबलाभोवती निम्मे लोक असंच कुठलंतरी फाटक सांभाळून आलेले असावेत, असं मला वाटतं. हा माझा अंदाज, जाऊन खरं-खोटं कर. तोवर तुझ्या मीटरच्या कॅलिब्रेशनची (अचूकतेच्या तपासणीची) मुदत कधी संपतेय ते उलट टपाली कळव. तुझ्या मेलमध्ये त्याचा उल्लेख नव्हता.

तुझा,
जुना सर