जुनी गाडी ‘इम्पोर्टेड’ आहे का, हे कसं ओळखावं?

नंबरप्लेटवरून नाही कळत. एमएच २४ म्हणजे गाडीची नोंदणी लातूरची, एवढंच. आरसीवरचा १७ अक्षरी चॅसिस नंबर बघा. पहिलं अक्षर इंग्रजी ‘जे’ (J) असेल तर गाडी जपानची, ‘डब्ल्यू’ (W) असेल तर जर्मनीची. भारताची सुरुवात एमए, एमबी, एमडी अशी. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये बनलेल्या बजाजवर एमडी२ दिसतो. कंपनीच्या नावाला भुलू नका. स्कोडा चेक कंपनी, पण तिच्या गाड्या तिथल्याच आपल्या शेंद्र्यातही बनल्यात.

आरसीवरचा नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळवाच. त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात. खाडाखोड किंवा घासल्याची खूण दिसली, तर विसार अजिबात देऊ नका.