वाचकांचे प्रश्न : ‘हे व्यसन म्हणायचं की बहाणा?’

लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटण्याविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी चार या अंकात घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. उत्तरं मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : नवरा ३८ वर्षांचा, ऐरोलीत आयटीत आहे. दीड वर्षापासून रात्री तीन-तीन वाजेपर्यंत फोनवर पॉर्न, पैसे भरून व्हिडिओ चॅट, आणि तीन वेळा मसाज पार्लर. क्रेडिट कार्डावर १,८०,००० रुपये चढलेत. ऑफिसातून ताकीद मिळाली आहे. चार वेळा शपथा घेतल्या, चारही मोडल्या. तो म्हणतो, “मला व्यसन आहे, मी काय करू?” सासूबाई म्हणतात, “पुरुषाची जातच अशी.” माझा भाऊ म्हणतो, “नाटकं आहेत, मनात आणलं तर आज थांबेल.” खरं कोणाचं धरू? – एक वाचक, ऐरोली

ताई, तिघांच्याही म्हणण्यावर विसंबू नका. सासूबाईंचं तर सोडूनच द्या. पुरुषाची जात तशी असती, तर शेजारच्या प्रत्येक घरात कार्डावर एवढं कर्ज असतं.

आधी आजाराच्या नावाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या यादीत, हा विकार ‘कम्पल्सिव्ह सेक्शुअल बिहेव्हियर डिसऑर्डर’, म्हणजे लैंगिक वर्तनावर ताबा न राहण्याचा विकार, या नावानं आहे. पण तो दारू, जुगार आणि गेमिंगच्या व्यसनांच्या गटात ठेवलेला नाही. चोरीची अनावर ऊर्मी, आग लावण्याची अनावर ऊर्मी यांच्या गटात, म्हणजे ‘ऊर्मीवर ताबा न राहणे’ या सदरात तो आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ च्या आपल्या यादीत अशा निदानाचा प्रस्ताव पुरेसा पुरावा नाही म्हणून घेतलाच नाही. त्यामुळे ‘हे व्यसनच’ असं ठामपणे सांगणारा आणि ‘असं काही नसतंच’ म्हणणारा, दोघेही आज माहीत असलेल्याच्या पुढे जाऊन बोलतात.

व्यसनाशी साम्य मात्र आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये असा त्रास असलेल्या १९ पुरुषांचे मेंदू तपासले. नशेची वस्तू दिसल्यावर व्यसनाधीन माणसाच्या मेंदूत जी केंद्रं जागी होतात, तीच लैंगिक दृश्यं पाहताना इथे जास्त जागी झाली. त्यातली एक गोष्ट तुमच्या नवऱ्याला वाचून दाखवण्यासारखी आहे : ते दृश्य ‘हवंसं’ त्यांना जास्त वाटत होतं, पण ‘आवडत’ इतरांपेक्षा जास्त नव्हतं. तलफ वाढत जाते, सुख वाढत नाही. रात्री तीनला फोन ठेवताना त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसत नसेल, तर ते यामुळे.

निदानाच्या कसोट्या या : ऊर्मी आवरता न येणं साधारण सहा महिने किंवा जास्त चाललेलं असावं, तब्येत, काम, घर मागे पडलेलं असावं, थांबण्याचे प्रयत्न वारंवार फसलेले असावेत, नुकसान दिसत असूनही, आणि आनंद उरलेला नसूनही, ते चालूच असावं. तुम्ही लिहिलेलं यात बरंच बसतं. तरीही निदान समोर बसून बोलल्यावरच होतं. कारण सरळसरळ फसवणूक करणारा, थांबावंसं कधी न वाटलेला आणि पकडला गेल्यावर ‘व्यसन’ हा शब्द शोधून काढणारा माणूसही असतो. त्याच्या ‘थांबलो होतो’ या सांगण्याला तारखा आहेत का, काय केल्यावर किती दिवस थांबला, हे विचारून फरक बराचसा कळतो.

आता भावाचं म्हणणं. तलफ कोणी निवडत नाही, हे खरं. पण तलफ आणि पार्लरचं दार यांच्यामध्ये किती पायऱ्या आहेत ते मोजा. ऑफिसातून वेगळी वाट धरली, घरी ‘उशीर होईल’ असा मेसेज केला, एटीएममधून रोख काढली, नंबर शोधला, फोन केला, रिक्षा केली. शेवटच्या पायरीवर ताबा जवळजवळ उरलेला नसतो, पहिल्या दोन पायऱ्यांवर तो बराच असतो. उपचार नेमके तिथेच काम करतात. म्हणून “मला व्यसन आहे” या वाक्यानंतर “गुरुवारी साडेपाचची अपॉइंटमेंट घेतली आहे” असं वाक्य येतं का, ते पाहा. आलं नाही, तर पहिल्या वाक्याला तूर्त अर्थ नाही.

तुमच्यासाठी चार गोष्टी लगेच करायच्या. पार्लरमध्ये शरीरसंबंध आले असतील तर दोघांनी एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांची तपासणी करा. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. आधी विचारायचं असेल तर १०९७ ही हेल्पलाइन आहे. शेवटच्या प्रसंगाला तीन महिने झालेले नसतील तर तीन महिन्यांनी एचआयव्ही पुन्हा तपासा, आणि तोवर कंडोमशिवाय संबंध नकोत. दुसरं, त्याला स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढून तुमच्यासमोर उघडायला सांगा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो आणि लोन ॲपची नोंद झालेली कर्जंही त्यात दिसतात. तिसरं, कबुली हप्त्याहप्त्यानं घेऊ नका. आज थोडं, महिन्यानं आणखी थोडं, असं झालं की प्रत्येक वेळी जखम नव्यानं उघडते. समुपदेशकासमोर, ठरवून, एकदाच सगळं. चौथं, त्याच्या फोनची पहारेकरी होऊ नका. तो लपवण्यात तरबेज होतो आणि तुमची झोप जाते.

आणि हे तुमच्यात काही कमी असल्यामुळे झालेलं नाही. पत्राच्या शेवटी खोडलेली ती ओळ आम्हाला वाचता आली, म्हणून लिहिलं.

प्रश्न : वय २३, कळव्यात राहतो. रोज एकदा हस्तमैथुन, आठवड्यातून दोन-तीनदा पॉर्न. नोकरी, जिम सगळं नीट चालू आहे. पण अपराधी वाटतं, अशक्तपणा वाटतो. मी ॲडिक्ट आहे का? ७,५०० रुपयांचा पावडरचा कोर्स सांगितला आहे.

नाही. कोर्स घेऊ नका.

काम, झोप, माणसं, पैसा, कशालाही धक्का नाही आणि त्रास फक्त ‘हे पाप आहे’ या विचाराचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलं आहे की केवळ नैतिक टोचणीमुळे होणारा त्रास या निदानाला पुरत नाही. एका वेळचं वीर्य साधारण दीड ते पाच मिलिलिटर, म्हणजे फार तर एक चहाचा चमचा असतं. त्यात बहुतांश पाणी असतं. ‘रक्ताच्या शंभर थेंबांचा एक थेंब’ हा हिशेब कुठल्याही शरीरशास्त्रात नाही. धातू गेल्यानं अशक्तपणा येतो या भीतीनं खरोखर थकवा वाटू लागतो, याला डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्येच ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. रुळांकडेच्या भिंतींवर रंगवलेल्या गुप्तरोगाच्या जाहिराती याच भीतीवर चालतात. थकवा राहिलाच तर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासा. साडेसात हजारांत हे होऊन बरेच पैसे उरतील.

प्रश्न : ठाण्यात राहतो, वय ४१. मलाच हा त्रास आहे आणि मला थांबायचं आहे. डॉक्टरकडे गेल्यावर नक्की काय करतात? घरी कळवतात का? आणि स्वतः काय सुरू करू?

पहिल्या भेटीत साधारण पाऊण तास प्रश्न विचारले जातात. झोप, दारू, चालू औषधं, मूड यांचीही चौकशी होते. ही चौकशी टाळू नका. अचानक झोप कमी लागूनही उत्साह उतू जाणं, पैसा उधळणं आणि लैंगिक इच्छा वाढणं हे एकत्र आलं तर तो बायपोलर या मूडच्या आजारातला तेजीचा झटका असू शकतो. त्याचे उपचार वेगळे आहेत, आणि त्यात नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर बिघडतं. नैराश्य, एकाकीपणा, दारू यांच्या पोटातही हा त्रास दडलेला असतो.

गोपनीयतेबद्दल : मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. कोणाच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. लहान मुलांना कुठल्याही प्रकारे धोका असेल तर मात्र गप्प बसता येत नाही. मुलांचं लैंगिक चित्रण पाहणं किंवा साठवणं हा गुन्हा आहे, सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं. लपून चित्रीकरण, गर्दीत अंगाला हात लावणं यांनाही ‘मला आजार आहे’ ही पळवाट नाही.

उपचाराचा गाभा म्हणजे नोंदवही. दोन आठवडे, प्रत्येक वेळी, सहा रकाने : वेळ, जागा, त्याआधी काय घडलं, तलफ दहापैकी किती, मी काय केलं, वीस मिनिटांनी कसं वाटलं. एक ओळ अशी दिसेल : ‘मंगळवार, रात्री ११.४०, हॉलमधला सोफा. साहेबांचा फोन, बोलणी खाल्ली. तलफ ७. एक तास पन्नास मिनिटं पाहिलं. नंतर रिकामं, चीड.’ बारा-पंधरा ओळी झाल्या की साचा समोर येतो. बहुतेकांच्या नोंदींत इच्छेपेक्षा अपमान, कंटाळा, थकवा आणि घरात एकटं असणं हेच जास्त सापडतं. तेव्हा कळतं की दुरुस्ती त्या फोनकॉलच्या पुढच्या अर्ध्या तासात करायची आहे.

तलफ आल्यावर तिच्याशी भांडू नका. ‘विचार करायचा नाही’ म्हटलं की तोच विचार दुप्पट येतो. उठून जागा बदला, घड्याळ पाहा, अंगात ती कुठे जाणवते ते बघा : छाती, जबडा, ओटीपोट. श्वास सावकाश सोडा. तलफ चढते, टोक गाठते आणि तिला खाद्य दिलं नाही तर बहुधा वीस-तीस मिनिटांत उतरते. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटंच टाळायचं ठरवा. दहा जमली की पंधरा.

सोबत आडकाठ्या घाला. फोनचं चार्जिंग झोपायच्या खोलीबाहेर, गजरासाठी साधं घड्याळ. ॲप आणि ब्राउझरमध्ये साठवलेली कार्डं पुसा. बँकेच्या ॲपमधून यूपीआयची रोजची मर्यादा खाली आणा. या आडकाठ्या तोडता येतात, पण तोडायला चार-पाच मिनिटं जातात, आणि तेवढी मिनिटं कामाची असतात.

फसतं कुठे, तर ‘आजपासून कायमचं बंद’ या शपथेत. अठरा दिवस जातात, एकोणिसाव्या रात्री दहा मिनिटं घसरण होते. मग ‘सगळं गेलंच, आता काय’ म्हणून उरलेली रात्रही जाते. नुकसान त्या दहा मिनिटांपेक्षा पुढच्या चार तासांनी होतं. म्हणून घसरल्यावर काय करायचं हे आधीच कागदावर लिहून ठेवा : फोन बंद, तोंड धुणं, वहीत एक ओळ, झोप. दुसऱ्या दिवशी समुपदेशकाला सांगणं.

औषध खास याच विकारासाठी मंजूर झालेलं नाही. चिंता-नैराश्य सोबत असेल तर सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटीनसारख्या गोळ्या देतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, वीर्यस्खलन लांबतं, आणि एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी होते. दारूच्या तलफेवर वापरलं जाणारं नाल्ट्रेक्झोन काहींना उपयोगी पडतं, पण आधी यकृताची तपासणी हवी. ट्रामाडोलसारखी अफूच्या गटातली वेदनाशामकं चालू असतील तर नाल्ट्रेक्झोन घ्यायचं नाही.

पहिला फोन करायचा तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत, दिवसरात्र, मराठीतही. भेटायचं तर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय तुमच्या गावातच आहे. १९०१ पासून उभ्या असलेल्या या रुग्णालयाच्या नावानं ‘याला ठाण्याला न्या’ अशी थट्टा साऱ्या महाराष्ट्रात चालते. त्या थट्टेपायी कित्येक माणसं उपचाराविना राहिली, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढायचा, डॉक्टरांशी बोलायचं आणि घरी यायचं, एवढंच असतं.

प्रश्न : वडील ६७ वर्षांचे, वाशीला आमच्याकडे असतात. पार्किन्सन आहे. चार महिन्यांपूर्वी गोळ्या वाढवल्या. आता ते आईच्या मागे लागतात, टॅबवर नको ते पाहतात, घरकामाच्या मावशींना काहीबाही बोलतात. लॉटरीचीही तिकिटं आणू लागलेत. जन्मभर सज्जन माणूस. मला बोलायचीही लाज वाटते. – एक मुलगी

ताई, हे पत्र पोचल्याबरोबर वेगळं काढलं, कारण हे औषधामुळे असण्याची दाट शक्यता आहे. चिठ्ठीवर प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल हे नाव आहे का ते पाहा. ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम करतात. हात-पाय मोकळे होतात, पण काहींमध्ये लैंगिक इच्छा, जुगार, खरेदी, खाणं यांवरचा लगाम सुटतो. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० पार्किन्सन रुग्णांच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३.५ टक्के रुग्णांत लैंगिक वर्तनाचा असा त्रास आढळला. लॉटरी आणि हे, दोन्ही एकदमच सुरू झालं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक थांबवली तर घबराट, घाम, तीव्र उदासी येते आणि अंग आखडतं. न्यूरॉलॉजिस्ट ती हळूहळू उतरवतात आणि गरजेनुसार लेव्होडोपा या पार्किन्सनच्या दुसऱ्या औषधाचं प्रमाण जुळवतात. वर्तन बहुधा त्यानंतर ओसरतं. तोवर मावशींना वडिलांच्या खोलीत एकटं पाठवू नका आणि कारण त्यांना स्पष्ट सांगा. आईची खोली वेगळी करा. एटीएम कार्ड तुमच्याकडे ठेवा.

अपॉइंटमेंट महिन्याभरानंतरची असेल तर थांबू नका, याच आठवड्यात दवाखान्यात फोन करून हे कारण सांगा. वडिलांसमोर डॉक्टरांना सांगणं जड जाईल, म्हणून आधी एक चिठ्ठी लिहून रिसेप्शनवर बंद पाकिटात द्या. त्यात गोळीचं नाव आणि डोस, तो कधी वाढवला ती तारीख, आणि पहिला प्रसंग कधी घडला ती तारीख, एवढं पुरे.