साडेसातशे रुपयांत लाख लुमेन?

प्रश्न : ताई, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी आमचा रात्रीचा ट्रेक असतो. मागच्या महिन्यात फोर्टमधल्या फुटपाथवरून ‘एक लाख लुमेन’ लिहिलेला टॉर्च साडेसातशे रुपयांना घेतला. मित्राच्या जुन्या टॉर्चपुढे तो फिका पडतो. आता पाच हजारांपर्यंत तयारी आहे. सर्वांत जास्त लुमेनचा कुठला घेऊ?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते. लुमेन म्हणजे टॉर्चमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो, त्याचं माप. आधी त्या लाखाचा हिशेब लावू. डोळ्याला सर्वांत उजळ भासणारा हिरवा प्रकाश घेतला आणि विजेचा कणही वाया गेला नाही असं धरलं, तरी एका वॅटमागे 683 लुमेनच्या पुढे जाता येत नाही. चांगल्या पांढऱ्या एलईडी टॉर्चमध्ये शंभर-सव्वाशे मिळतात. म्हणजे लाख लुमेनला आठशे ते हजार वॅट लागणार, घरातल्या इस्त्रीएवढे. आणि तुझ्या टॉर्चमध्ये आहे बोटाएवढा सेल!

म्हणून मी टॉर्चआधी सेल बघते. 18650 ही सेलची एक जात, म्हणजे 18 मिलिमीटर जाड, 65 लांब. त्यातला उत्तम सेल 3500 एमएएचचा (सेल किती वीज साठवतो, त्याचं हे माप), म्हणजे साधारण साडेबारा वॅट-तास. हजार लुमेन लावून ठेवलेस तर तास-सव्वा तासात संपला. 21700 जातीचा सेल थोडा मोठा, साधारण 5000 एमएएचचा. तू हाच घे, आणि एक जादा. 18650 वर 9900 एमएएच छापलेलं दिसलं तर त्या दुकानातून सरळ बाहेर पड. सेल लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात घेतलास तरी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेव. खरा 18650 पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम भरतो, 21700 सत्तरच्या आसपास. फारच हलका लागला तर परत कर.

आता चांगल्या कंपन्यांच्या आकड्यांबद्दल. ते खरे असतात, पण सुरुवातीच्या मिनिटा-दोन मिनिटांचे. तीन हजार लुमेन म्हणजे मुठीएवढ्या ॲल्युमिनियमच्या नळीत तीस वॅट वीज, आणि तिची बरीचशी धगच होते. ती वाढली की टॉर्च स्वतःच उजेड सात-आठशेवर आणतो. हा बिघाड नाही, तसं झालं नाही तर हात भाजेल. म्हणून विकत घेताना वेळ आणि उजेडाचा आलेख माग. तासाभरानंतर किती उरतो, ते त्यात दिसतं.

झोत किती लांब जाणार, हे लुमेनवर नाही, कँडेलावर, म्हणजे एका दिशेला उजेड किती एकवटला आहे त्यावर ठरतं. कँडेलाचं वर्गमूळ काढ आणि दुप्पट कर, तेवढे मीटर. 10,000 कँडेलाला 200 मीटर, 40,000 ला 400. अंतर दुप्पट हवं तर कँडेला चौपट! आणि त्या टोकाला पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच उजेड पोचतो, हेही लक्षात ठेव.

लांब झोताचा मोह मलाही होता. एका पावसाळ्यात खिरेश्वरहून टोलार खिंडीच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर जाताना धुकं उतरलं. डोक्याच्या उंचीवरून माझा पांढराशुभ्र झोत सोडला, तर समोर नुसती पांढरी भिंत. मागच्या एका काकांनी आपला पिवळसर, मंद टॉर्च गुडघ्याजवळ धरला आणि पायाखालचा दगडन् दगड दिसू लागला. आम्ही त्यांच्या उजेडात खिंड चढलो. तेव्हापासून मी 6500 केल्व्हिनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळसर) निळसर उजेड घेत नाही, 4000 च्या आसपासचा घेते. त्यात ओली माती आणि सुका दगड वेगळे ओळखू येतात.

तुला माझा सल्ला : दीड-दोन हजारांचा एक साधा हेडलॅम्प, चालायला दीड-दोनशे लुमेन पुरतात. उरलेल्या पैशांत एका 21700 सेलचा टॉर्च, तासभर सात-आठशे लुमेन टिकवणारा, 15,000 कँडेलाच्या आसपासचा. आयपीएक्स 8, म्हणजे पाण्यात बुडाला तरी टिकणारा असेल तर आपल्या पावसाची चिंता नको. सॅकमध्ये ठेवताना शेपटीकडची टोपी पाव फेरा सैल कर, म्हणजे तो चुकून पेटून तापणार नाही. बटण दाबलं जाऊन माझ्या रेनकोटला आठ आणे एवढं भोक पडलं होतं.

आणि मे अखेरीस राजमाचीला काजवे बघायला गेलास, तर हा मोठा टॉर्च सॅकमधून काढूच नकोस. नर काजवे लुकलुकून मादीला साद घालतात. आपल्या झोतात ती साद तिला दिसतच नाही. हेडलॅम्पचा सर्वांत मंद लाल उजेड पायाशी ठेव आणि झाडाखाली पोचल्यावर तोही बंद कर.