कॅलेंडरमागचा मुलगा

प्रश्न: ताई, मुलगा ऑफिसच्या कामासाठी पॅरिसला गेला होता, तिथल्या लूव्र म्युझियममधून एक पोस्टर घेऊन आलाय. समुद्राकाठी खडकावर एक पोरगा, अंगावर कपडा नाही, गुडघ्यात डोकं घालून बसलाय. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी त्यावर कॅलेंडर टांगलं. मला अश्लील वगैरे नाही वाटत, पण बघितलं की पोटात कालवतं. त्याला झालंय काय नेमकं? कुणी टाकून दिलंय का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: खरं सांगू का, त्याला काही म्हणजे काही झालेलं नाहीये, तो होमवर्क आहे! चित्रकार इपोलित फ्लांद्रँ, अँग्र या नावाजलेल्या फ्रेंच चित्रकाराचा विद्यार्थी. 1832 मध्ये त्याला प्री द रोम हे बक्षीस मिळालं, म्हणजे सरकारी खर्चाने रोमला व्हिला मेदिचीत, तिथल्या फ्रेंच अकादमीच्या वाड्यात राहायचं, शिकायचं आणि काय शिकलात ते दाखवायला पॅरिसला कामं पाठवायची. त्यातलंच हे एक, 1836 मध्ये पूर्ण झालेलं. नाव काय तर ‘समुद्राकाठी बसलेला नग्न तरुण, अभ्यासचित्र’, बास. ना कुठली पुराणकथा, ना देव, ना कुठला शहीद. पुढे 1857 मध्ये फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनने ते विकत घेतलं.

मग कालवतं का? आमच्या लाइफ क्लासला, म्हणजे नग्न मॉडेल समोर बसवून चित्र काढायच्या वर्गाला, एक मावशी मॉडेल म्हणून यायच्या. अर्धा अर्धा तास समोर बसायच्या, आम्ही आपले खांदा कुठे, कंबर कुठे मोजत असायचो, कुणालाच काही वाटायचं नाही. पण एकदा ब्रेक झाला आणि त्यांची शाल कुणीतरी दुसऱ्या खोलीत ठेवलेली, ती येईपर्यंत मावशींनी गुडघे पोटाशी घेतले, हातांनी पाय आवळले आणि मान खाली घातली, आणि तेव्हा कुठे आम्हाला जाणवलं की अरे, यांच्या अंगावर काहीच नाहीये. सगळे खिडकीबाहेर बघायला लागले.

फ्लांद्रँने नेमकी तीच बैठक घेतलीय. खाली कापड अंथरलेलं आहे पण तो ते ओढून घेत नाही, स्वतःच्याच पायांचा आडोसा करतो. मागे एवढा समुद्र पसरलाय, त्याच्याकडे लक्षसुद्धा नाही, डोळे मिटलेले. पाठीची ती गोल रेघ मानेपासून खालपर्यंत कुठे तुटत नाही, शरीराचं जणू गाठोडंच झालंय, आत शिरायला जागाच नाही. काही जण म्हणतात फार थंड, अकॅडमिक, म्हणजे नियमात बसवलेलं चित्र आहे, मला नाही पटत. तो रडताना दाखवला असता तर आपण च्च च्च करून पुढे गेलो असतो. इथे कारणच दिलेलं नाही, म्हणून आपण आपलंच काहीतरी आणून त्याच्यात भरतो, तुम्हाला तो टाकून दिलेला वाटला तसं.

सासूबाईंशी भांडू नका. एकदा कॅलेंडर काढून त्यांना एवढंच विचारा की हा कुणासारखा बसलाय. आणि पोस्टर खिडकीसमोर असेल तर हलवा, उन्हाने रंग उडतो.