गोरिला पाहायला कोणत्या महिन्यात जावं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : आम्ही चौघी शिक्षिका. मेच्या सुट्टीत युगांडाला डोंगरी गोरिला पाहायला जायचं म्हणतोय. एजंट सांगतो, "वर्षभर कधीही चालतं." खरंच चालतं का? की दिवाळीची सुट्टी बरी?
– एक शिक्षिका, भुसावळ

उत्तर : गोरिला वर्षभर दिसतात, एवढं एजंटचं खरं आहे. ते स्थलांतर करत नाहीत, आणि माणसांना सरावलेल्या कुटुंबांचा माग तिथले वनकर्मचारी रोज सकाळी काढतात. त्यामुळे गोरिला दिसतील का, हा ऋतूचा प्रश्नच नाही. त्यांच्यापर्यंत तुम्ही किती कष्टाने पोचाल आणि गोरिलांजवळ मिळणारा एकच तास कसा जाईल, ते ऋतू ठरवतो. खान्देशातल्या सुट्ट्यांची अडचण इथेच येते.

विषुववृत्तावरून पावसाचा पट्टा वर्षातून दोनदा सरकतो, म्हणून तिथे पावसाळे दोन : मोठा मार्च ते मे, धाकटा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर. म्हणजे आपली उन्हाळी सुट्टी मोठ्या पावसात सापडते आणि दिवाळीची धाकट्या पावसात. जून ते मध्य सप्टेंबर, म्हणजे आपल्याकडे पेरणी-निंदणी चालते ते महिने, तिथे कोरडे. दुसरा कोरडा काळ मध्य डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर. कोरडा म्हणजे पाऊस कमी, एवढंच समजा. युगांडातलं गोरिलांचं ब्विंडीचं जंगल दाट पर्जन्यवन आहे, सर कोणत्याही दिवशी येऊ शकते. रेनकोट ऑगस्टमध्येही पिशवीत हवाच.

मेमध्ये नेमकं काय बिघडतं? ब्विंडीत आखलेल्या पायवाटा थोड्या. गोरिला जिथे असतील तिथे वाटाड्या कोयत्याने वेली तोडत नेतो. उतार तीव्र, खाली कुजलेल्या पाल्याचा थर, आणि तो भिजला की पाय टेकायला जागा राहत नाही. चढताना त्रास कमी होतो, उतरताना गुडघे बोलतात. शेवटच्या टप्प्यातले मुरमाचे रस्ते निसरडे होतात, कधी दरड येते. आणि जोराची सर आली की गोरिलाही खाणं-खेळणं थांबवून झाडाखाली बसतो. हात छातीवर घट्ट दुमडलेले, मान खाली, केसांवरून पाणी निथळतंय, हालचाल काही नाही. तुमचा तास मात्र चालूच असतो.

पावसाची एक जमेची बाजूही सांगायला हवी. रवांडाच्या ज्वालामुखी उद्यानात पावसाबरोबर बांबूला कोंब फुटतात आणि ते खायला कुटुंबं खालच्या बांबूच्या पट्ट्यात उतरतात. मग चाल बरीच कमी पडते. गोरिला कोंब हातात धरून दातांनी वरचं साल सोलतो आणि आतला पांढरा गाभा तेवढा खातो. हे पाहायला मिळालं तर भिजल्याचं काही वाटत नाही. पण त्या भरवशावर मे महिना निवडू नका.

तुमच्यासाठी खरी फट जूनच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत आहे. आपल्या शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात आणि तिथे तोवर पाऊस ओसरलेला असतो. 1 ते 12 जूनच्या दरम्यानचं परमिट, म्हणजे गोरिला पाहायचा परवाना, पाहा. महिन्याच्या शेवटाकडे गर्दी वाढत जाते, ती टळते हाही फायदा.

प्रश्न : कापसाची शेवटची वेचणी जानेवारीत आटोपते, हरभरा काढायला अजून वेळ असतो. तेवढ्यात जाऊन यायचंय. युगांडा की रवांडा? आधी काय बुक करायचं?
– एक शेतकरी, पारोळा

उत्तर : जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उत्तम, नि:शंक जा.

देश निवडताना पैसा आणि प्रवास एकत्र मोजा. परदेशी पाहुण्यासाठी रवांडाचं परमिट माणशी 1500 डॉलर, युगांडाचं 800 डॉलर. पैसे भरण्याआधी चालू दर एकदा तपासा. रवांडात किगाली विमानतळापासून ज्वालामुखी उद्यानाजवळच्या किनिगी गावाला अडीच-तीन तासांत डांबरी रस्त्याने पोचता. युगांडात एंटेबी विमानतळाहून ब्विंडीला आठ ते दहा तास गाडीत बसावं लागतं. मधला मार्ग असा : किगालीला उतरायचं आणि सीमा ओलांडून ब्विंडीच्या दक्षिण भागात जायचं. त्यासाठी 100 डॉलरचा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा घ्या. युगांडा, रवांडा, केनिया तिन्ही त्यात येतात. डोंगरी गोरिला काँगोतही आहेत, पण त्या बाजूचा विचार सुरक्षिततेमुळे सध्या सोडून द्या.

क्रम मात्र चुकवू नका. आधी परमिट, मग विमान, मग मुक्काम. परमिट ठरावीक तारखेचं असतं आणि एका कुटुंबाला दिवसाला आठच पाहुणे भेटू शकतात, त्यामुळे कोरड्या महिन्यांची परमिटं आधी संपतात. सहा महिने आधी हात घाला. विमानाचं तिकीट आधी काढून बसलेल्यांना मग मिळेल ती तारीख घ्यावी लागते.

युगांडात आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. ब्विंडीचे चार विभाग आहेत : बुहोमा, रुहिजा, रुशागा, एनकुरिंगो. परमिट त्यातल्या एका विभागाचं असतं. परमिट रुशागाचं आणि खोली बुहोमाची, हा घोळ नेहमी होतो. नकाशावर जवळ दिसणारे हे विभाग डोंगररस्त्याने काही तासांच्या अंतरावर आहेत, आणि सकाळी आठच्या सूचना-सत्राला हजर राहायचं असतं. उशीर झाला तर परमिट बुडू शकतं.

प्रश्न : मी 63 वर्षांचा, रोज सपाट रस्त्यावर चार किलोमीटर चालतो. जमेल का? लस कोणती?
– एक निवृत्त कर्मचारी, धुळे

उत्तर : जमेल, पण सपाट चाल पुरेशी नाही. तापी-पांझराकाठचे आपण समुद्रसपाटीपासून दोन-तीनशे मीटरवर राहतो. किनिगी आणि रुहिजा दोन हजार मीटरच्या वर आहेत, तिथे चढावर दम लवकर लागतो. निघण्याआधी दोन-तीन महिने आठवड्यातून दोनदा चढ-उतार करा. लळिंगचा किल्ला तुम्हाला घरासमोर आहे. महिन्यातून एकदा तोरणमाळला जाऊन पाठीवर चार-पाच किलोची पिशवी घेऊन चाला. उतरण्याचा सराव जास्त करा. ट्रेकच्या आदल्या दिवशी उशिरा पोचू नका, शक्य तर तिथे दोन रात्री राहा. सकाळी वाटाड्याला वय आणि गुडघ्यांचं स्पष्ट सांगा, म्हणजे शक्यतो जवळचं कुटुंब देतात. पोर्टर घ्याच. साधारण 20 डॉलरमध्ये तो पिशवी उचलतो, चढावर हात देतो, आणि गावाला जंगलातून उत्पन्न मिळतं.

पीतज्वराची लस आवश्यक आहे. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, मुंबई-पुण्यात सोय आहे. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं, आणि ते नसेल तर परतल्यावर भारतातच सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना आधी डॉक्टरांना विचारावं लागतं, म्हणून हे काम सर्वात आधी उरका. हिवतापाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा.

सर्दी-खोकला असेल तर तुम्हाला जंगलात सोडणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. आपला साधा फ्लू गोरिलाच्या जिवावर उठू शकतो. 2018 च्या सुमाराच्या गणनांनुसार जगात डोंगरी गोरिला हजारापेक्षा थोडेच जास्त आहेत. मास्क लावा, अंतर राखा, फ्लॅश बंद ठेवा.

प्रश्न : मुलगी 13 वर्षांची आहे, नेता येईल? कपडे आणि खाणं काय न्यावं?
– एक वाचक, शहादा

उत्तर : नाही. 15 पूर्ण झाल्याशिवाय गोरिला ट्रेकला परवानगी नाही. दोन वर्षं थांबा.

पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड पँट, तिचे पाय मोज्यात खोचलेले. चावऱ्या मुंग्यांवर हाच उपाय. खाजकुइलीसारखी आग करणारी झुडपं वाटेत असतात, आधाराला हात तिथेच जातो, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले कातडी हातमोजे न्या. बूट नवे नकोत, घोटा झाकणारे आणि महिनाभर वापरलेले हवेत. उंचीवर सकाळी चांगलीच थंडी असते, स्वेटर विसरू नका. पाणी दोन लिटर.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी, शेव खुशाल न्या, पण डब्यात किंवा कापडी पिशवीत. रवांडात 2008 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. विमानतळावर सापडल्या तर काढून घेतात. गोरिलांच्या जवळ मात्र काहीही खायचं नाही. पिशव्या मागे पोर्टरपाशी राहतात, तिथून पुढे फक्त कॅमेरा.