बॉलपेनचं शेडिंग: आजीचे पांढरे केस आणि इतर प्रश्न

या महिन्यात बॉलपेनबद्दलच इतके प्रश्न आले की पेन्सिलवाल्यांना पुढच्या वेळेपर्यंत थांबावं लागेल.

सर, शेडिंगसाठी जेल पेन घेऊ की बॉलपेन? दुकानदार म्हणतो, जेल जास्त काळं उठतं. (नववीतला विद्यार्थी, चिपळूण)

दुकानदार खरं बोलला, आणि जेलची अडचण नेमकी तीच आहे. जेलची शाई पाण्यातली, गोळी फिरली की भसकन उतरते. हात हलका ठेव नाहीतर जड, रेघ तेवढीच काळी. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असते. लास्लो बिरो हा हंगेरीतला पत्रकार. छापखान्याची घट्ट शाई चटकन वाळते आणि पसरत नाही हे त्याने पाहिलं, आणि टोकाला फिरती गोळी बसवून तशी शाई कागदावर आणायचा मार्ग काढला. पेटंट घेतलं १९३८ साली. त्या घट्टपणामुळेच बॉलपेन दाबलं तर गडद उठतं आणि नुसतं टेकवलं तर धुरकट राखाडी रेघ येते. शेडिंगला हेच तर हवं असतं.

तेव्हा साधं, पाच-दहा रुपयांचं निळं पेन घे. ०.७ मिमीची गोळी पुरते, रेघ त्याहून बारीकच उमटते. मी काळ्यापेक्षा निळं सुचवतो, कारण निळ्यात फिकट छटा जास्त गोड दिसतात. ही माझी आवड झाली, नियम नव्हे. नवं रीफिल थेट चित्रावर नको, आधी दोन-चार पानं अभ्यास लिहून काढ. आणि पेन पेन्सिलीसारखं आडवं धरू नकोस. गोळीभोवतीची धातूची कड कागदाला घासते, शाई उतरत नाही आणि कागद मात्र ओरखडतो.

शेडिंग करताना मधेच शाईचा गोळा पडतो. शिवाय सगळं पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं. काय चुकतंय? (गृहिणी, सोलापूर)

गोळ्याबद्दल आधी. शाई थोडी थोडी गोळीच्या कडेला साचत राहते, आणि रेघेची दिशा बदलली की एकदम कागदावर येते. मोकळ्या हातात जुन्या सुती साडीचं फडकं ठेवा आणि दर दहा-बारा रेघांनी टोक त्यावर फिरवून पुसा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही. आणखी एक सवय लावा: रेघेची सुरुवात नेहमी गडद बाजूने करा आणि उजेडाकडे जाताना हात अलगद उचला. गोळा बहुतेक वेळा पेन टेकतानाच पडतो. अंधारात पडला तर कुणाला कळतंय!

पट्टे दिसतात कारण तुमच्या सगळ्या रेघा एकाच ओळीत संपतात. काही आखूड, काही लांब राहू द्या. दुसरा थर देताना काटकोनात जाऊ नका, गोणपाटासारखी जाळी होते. पहिल्या थराला किंचित तिरपं जा, तिसऱ्याला आणखी किंचित. चार-पाच हलके थर एका दाबून मारलेल्या थरापेक्षा केव्हाही चांगले. दाबलेल्या जागी कागद गुळगुळीत होऊन चकाकतो आणि पुढची शाई धरत नाही.

आजीचं चित्र काढतोय. चेहरा जमला, पण पांढरे केस निळ्या पेनाने काढले की ती तरुण दिसायला लागते! (इंजिनिअर, पुणे)

हा प्रश्न वाचून मी हसलो, कारण माझ्या पहिल्या आजीचंही असंच झालं होतं. तुम्ही केस काढताय, तिथे चूक आहे. पांढरा केस काढायचा नसतो, तो कागदाचा पांढरा तसाच राहिलेला असतो. काढायचा तो केसांमधला अंधार: भांगाजवळ, कानामागे, अंबाड्याच्या वळणाखाली. तिथे बारीक, टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या रेघा, आणि दोन रेघांमध्ये कागद मोकळा.

सुटे, भुरभुरणारे केस मात्र असे जमत नाहीत. त्यासाठी संपलेलं रीफिल फेकू नका. रिकाम्या टोकाने, कोऱ्या कागदावर, कपाळावर येणाऱ्या केसांच्या रेघा दाबून कोरा. काहीच दिसणार नाही, फक्त बोटाला खाच लागेल. मग त्यावरून खाचेला आडव्या, अगदी हलक्या हाताने कपाळाची सावली द्या. गोळी खाचेवरून निसटते, आत उतरत नाही, आणि एकेक पांढरा केस वर येतो. पहिल्यांदा पाहाल तेव्हा अंगावर काटा येईल. जाड कागद घ्या, २०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा. वहीच्या पानावर खाच आरपार जाते. आणि आधी फाटक्या तुकड्यावर करून पाहा, कारण खाच पडली की पडली.

चेहऱ्याची पेन्सिलची आखणीही फिकट ठेवा आणि पेन लावण्याआधीच रबराने हलकी उचलून घ्या. ग्राफाइटवर शाई नीट बसत नाही, आणि नंतर खोडायला गेलात तर शाईही थोडी निघते.

चूक झाली तर खोडता येतं का? (अनेकांनी विचारलं)

नाही. जाड कागद असेल तर नव्या ब्लेडच्या कोपऱ्याने हलकं खरवडता येतं, पण त्या जागेचे तंतू उठतात आणि पुन्हा शाई लावली की फुटते. तेव्हा खरवडणं फक्त चकाकीचा ठिपका काढण्यापुरतं. एरवी चूक सावलीत घेऊन टाका.

चित्र फ्रेम करायचंय. निळी शाई उडते म्हणतात, खरं का? (शिक्षिका, नाशिक)

खरं आहे. स्वस्त पेनांची शाई रंजकांची, म्हणजे डायची असते, आणि रंजकं उन्हाने विटतात. माझं एक बंदराचं चित्र गॅलरीसमोरच्या भिंतीवर होतं. चारेक पावसाळ्यांनी समुद्र आकाशात विरघळला, होडीचा शिडाचा दांडा तेवढा उरला. तेव्हा ऊन पडणारी भिंत टाळा, आणि टांगण्याआधी चांगलं स्कॅन करून ठेवा. वरून फिक्सेटिव्ह, म्हणजे चित्र पक्कं करायचं द्रावण, फवारायचा मोह होईल, पण त्यातल्या अल्कोहोलने ही शाई पसरू शकते. तुकड्यावर तपासल्याशिवाय नको. तीच गत अल्कोहोल मार्करची. जलरंग मात्र बिनधास्त वापरा. शाई वाळली की पाण्याने सहसा हलत नाही.

वडील म्हणतात, बॉलपेनने काढलेलं म्हणजे बाकावरचं गिरगिटणं. (बारावीची विद्यार्थिनी, बेळगाव)

गिरगिटण्यातूनच सुरू होतं ते, वडिलांचं तेवढं मान्य करून टाक. मग त्यांना दाखव: इटलीच्या अलिघिएरो बोएट्टीने १९७० च्या दशकात भलेमोठे कागद लोकांकडून बॉलपेनने भरून घेतले, निळ्या समुद्रात पांढरे स्वल्पविराम सोडून. बेल्जियमच्या यान फाब्रने १९९० मध्ये मेखेलनचा टिव्होली किल्लाच बॉलपेनच्या निळ्या आवरणात गुंडाळला. आणि पोर्तुगालचे सॅम्युअल सिल्व्हा तर व्यवसायाने वकील. रंगीत बॉलपेनांचे थरावर थर देऊन त्यांनी काढलेली व्यक्तिचित्रं लोक फोटो समजतात. वडिलांना वकिलाचं उदाहरण बहुधा पटेल.

मी डावखुरा आहे, तळव्याने सगळं फासतं. (नाव नको)

उजवीकडून डावीकडे काम करा, आणि हाताखाली कोऱ्या कागदाची चतकोर ठेवा. ती सरकवायची नाही, उचलून ठेवायची.